आग्र्याचा कोळसा: एका कारखान्याची खरी किंमत

सिव्हिलायझेशन फाइव्ह, संगणकावरचा साम्राज्य उभारणीचा खेळ. टर्न 198. इंडस्ट्रियलायझेशनचा शोध पूर्ण झाला आणि नकाशावर कोळशाचे साठे उमटले. कोळशाशिवाय कारखाना होत नाही. माझ्या पाच शहरांच्या हद्दीत त्यातला एकही नव्हता. सगळ्यात जवळचा साठा वाराणसीच्या उत्तरेला, टेकड्यांच्या पलीकडे, अजून कुणीच न बळकावलेल्या जमिनीवर होता. वरच्या पट्टीत राज्याचा आनंद दाखवणारा हसरा चेहरा आणि त्याच्या शेजारी आकडा: 4.

पुढच्या 35 टर्नमध्ये तो आकडा उणे 13 वर गेला. वाराणसीच्या वेशीवर बंडखोर उभे राहिले, शहरांची वाढ थांबली आणि ज्यांच्यासाठी एवढी धावपळ केली ते कारखाने लागूनही हातात काही पडेना. मग मी 198 ची सेव्ह उघडली आणि तोच डाव तिथून पुन्हा खेळले. दोन्ही खेपांना तिसरा कारखाना एकाच टर्नला पूर्ण झाला, 225 ला. पण एका खेपेला राज्य मोडकळीला आलं होतं आणि दुसऱ्या खेपेला ते बाळसं धरत होतं. हा फरक कुठून आला, त्याचा हा हिशेब.

खेळ सिव्हिलायझेशन फाइव्ह, 2013 च्या ब्रेव्ह न्यू वर्ल्ड विस्तारासह. देश भारत, पातळी एम्परर, नकाशा आणि वेग दोन्ही स्टँडर्ड. भारत मुद्दाम घेतला होता, कारण आनंदाचं गणित या देशाइतकं उघडं दुसऱ्या कुठल्याच देशात दिसत नाही.

आधी या गणिताची मांडणी. 1991 च्या पहिल्या सिव्हिलायझेशनमध्ये असंतोष शहरापुरता असायचा. एखाद्या शहरात नाराज लोक जास्त झाले की त्या शहराचं काम ठप्प, शेजारचं शहर मात्र खुशाल चालू. 2010 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीने हे मुळापासून बदललं. आता अख्ख्या साम्राज्याची एकच कणगी. कुठल्याही शहरात बांधलेला कलोसियम त्यात भर टाकतो आणि कुठल्याही शहरात जन्मलेला नागरिक त्यातून काढून घेतो. एकत्र कुटुंबासारखंच. धाकट्याने नवा संसार थाटला की थोरल्याच्या ताटातली भाकरीही लहान होते.

साधारण देशाला प्रत्येक शहरामागे 3 आणि प्रत्येक नागरिकामागे 1 असा नाराजीचा भार पडतो. गांधींच्या भारताला शहराचा भार दुप्पट, म्हणजे 6, आणि नागरिकाचा निम्मा, म्हणजे अर्धा. लोकसंख्या 6 झाली की दोन्ही हिशेब सारखे येतात: इतरांचे 3 अधिक 6, आपले 6 अधिक 3. सहाच्या पुढे आपण फायद्यात, सहाच्या आत तोट्यात. 20 लोकांचं शहर दुसऱ्याला 23 ला पडतं, आपल्याला 16 ला. पण नुकतंच वसवलेलं एका माणसाचं गाव दुसऱ्याला 4 ला पडतं आणि आपल्याला साडेसहाला. म्हणून भारत खेळताना शहरं थोडी आणि मोठी ठेवायची असतात. मला हे पाठ होतं. कोळसा दिसल्यावर ते विसरलं गेलं, एवढंच.

टर्न 198 चा ताळेबंद असा होता. पाच शहरांचे 30. नागरिकांपैकी मुंबईचे 16, विजयनगरचे 14, पाटलीपुत्रचे 12 आणि वाराणसीचे 10, म्हणजे 52 लोक, त्यांचे 26. दिल्लीत 24 लोक होते, पण परंपरा शाखेतलं राजेशाहीचं धोरण राजधानीतला भार आणखी निम्मा करतं, म्हणून दिल्लीचे फक्त 6. एकूण नाराजी 62. दुसऱ्या बाजूला मुळातले 9. चैनीच्या आठ वस्तू, प्रत्येकी 4, म्हणून 32. पाचही शहरांतल्या कलोसियमचे 10. दिल्ली आणि मुंबईतल्या झूंचे 4. सर्कस मॅक्सिमसचे 5. आणि प्रत्येक शहरात दर दहा नागरिकांमागे एक आनंद देणाऱ्या ॲरिस्टोक्रसी या धोरणाचे 6. एकूण 66. शिल्लक 4.

हे 4 वाचताना मला बरं वाटलं होतं. शून्याच्या वर आहोत ना, मग झालं. इथेच पहिली चूक झाली. शिल्लक 4 म्हणजे खर्चाला मोकळे 4, आणि मी जे करायला निघाले होते त्याची किंमत त्याहून कितीतरी जास्त होती.

पहिल्या खेपेला मी पाटलीपुत्रात लगेच सेटलर, म्हणजे नवं शहर वसवणारी तुकडी, बांधायला लावला. घाईला कारण होतं. जो पहिला तीन कारखाने उभारतो, त्याला फ्रीडम, ऑर्डर किंवा ऑटोक्रसी यांपैकी एक विचारसरणी निवडायचा मान आधी मिळतो आणि त्या विचारसरणीतली दोन तत्त्वं फुकट मिळतात. शेजारी फ्रान्स विज्ञानात माझ्या पाठोपाठच होता. सेटलर टेकड्या ओलांडून गेला आणि टर्न 207 ला मी थेट कोळशाच्या साठ्यावरच आग्रा वसवलं. साठ्यावर शहर बसवलं की खाण खोदायची वाट पाहावी लागत नाही, कोळसा त्याच क्षणी हाती येतो. माझ्या मते ही या खेळातली फार उपयोगी युक्ती आहे आणि आजही मी तीच वापरते. चुकीचा होता तो मुहूर्त.

या नऊ टर्नमध्ये दिल्ली, मुंबई आणि विजयनगर एकेका माणसाने वाढली होती. शिल्लक पावणेतीनवर आली होती. आग्र्याने एका झटक्यात साडेसहा उचलले. चेहरा लाल झाला. टर्न 210 ला आणखी एक घाव बसला: तीस टर्नांपूर्वी केलेला वाइनचा करार संपला आणि समोरच्याने नव्याने द्यायला नकार दिला. आणखी 4 गेले. आता आपण उणे 8 च्या घरात होतो.

उणे आकडा म्हणजे नेमकं काय, हे बरेच खेळाडू वरवर घेतात. शून्याच्या खाली जाताच शहरांची वाढ पाऊणपट घटते. कोठारात पडणाऱ्या जादा अन्नाचा फक्त चौथा हिस्सा कामी येतो. शिवाय प्रत्येक उणे अंकामागे उत्पादन आणि सोनं दोन-दोन टक्क्यांनी घटतं. सैन्याची ताकदही घटते. रॅशनॅलिझम शाखा उघडल्यावर मिळणारी विज्ञानातली दहा टक्क्यांची वाढ आनंद उणे असताना मिळत नाही. उणे 10 ला वाढ पूर्ण थांबते, सेटलर बांधता येत नाही आणि हद्दीत बंडखोर उगवू लागतात.

या सगळ्याची खरी झळ मला दिल्लीच्या पडद्यावर दिसली. दिल्लीचं उत्पादन 45 होतं. कारखान्याची किंमत 360. तो लागला की 4 उत्पादन आणि वर दहा टक्के मिळतात, म्हणजे दिल्लीला साधारण साडेआठची भर. 45 चे साडेत्रेपन्न व्हायला हवे होते. धाकटा भाऊ शेजारी बसून बघत होता. कारखाना पूर्ण झाल्याची सूचना आली, मी पुढचं बांधकाम निवडत होते, आणि तो म्हणाला, “ताई, आकडा बघ ना. हा तर आहे तिथेच आहे.”

बघितलं. 45. उणे 8 म्हणजे सोळा टक्क्यांची घट, आणि साडेत्रेपन्नचे सोळा टक्के म्हणजे साडेआठच. कारखान्याने जे दिलं ते नाराजीने दमडीही न सोडता परत नेलं होतं. 360 उत्पादन खर्चून, वर देखभालीचं सोनं दर टर्नला मोजून, दिल्ली होती तिथेच उभी होती. त्या एका आकड्याने मला जे शिकवलं ते आधीच्या कित्येक डावांनी शिकवलं नव्हतं.

विजयनगरची गत याहून वाईट. तिथे 24 उत्पादनाने कारखाना पंधरा टर्नांत व्हायला हवा होता. घट लागल्यावर उत्पादन विसाच्या आसपास आलं आणि अठरा टर्न लागले. तिसरा कारखाना म्हणून तो 225 ला पूर्ण झाला. आणखी एक गोष्ट मी तेव्हा पाहिलीच नाही. विजयनगरचे निम्मे लोक नदीकाठच्या शेतांवर होते. वाढ चौथ्या हिश्शावर आलेली असताना ते बारा जादा अन्न पिकवत होते आणि त्यातलं कोठारात तीनच पडत होतं. बाकीच्या नवांचं कुणालाच काही मिळत नव्हतं. तीच माणसं शेजारच्या टेकडीवरच्या खाणीत धाडली असती, तर नाराजी तसूभरही न वाढता उत्पादन वाढलं असतं.

225 ला विचारसरणी निवडली. मी सर्वांत पहिली होते, म्हणून दोन तत्त्वं फुकट मिळाली. फ्रीडम घेतलं आणि दोन्ही तत्त्वं वाढीचा आणि थोर माणसांचा विचार करून निवडली. आनंदाचा विचार तेव्हा मनातही नव्हता. टर्न 229 ला फ्रान्सने ऑर्डर स्वीकारली. फ्रान्सची संस्कृती या खेळात फार लांबवर पोचते. त्यांच्या पर्यटनाचा प्रभाव माझ्या लोकांवर माझ्या त्यांच्यावरच्या प्रभावाहून कितीतरी जास्त होता. प्रभावी शेजाऱ्याची विचारसरणी वेगळी असली की आपले लोक तिकडे ओढले जातात आणि जनमताच्या खात्यातून वेगळी नाराजी येते. ती 5 आली. मधल्या काळात दिल्ली आणि मुंबईत वाढलेल्या एकेका माणसाने पाऊण अंक आधीच खाल्ला होता. टर्न 232 ला आकडा उणे 13 झाला आणि पुढच्याच टर्नला वाराणसीबाहेर बंडखोरांच्या तुकड्या उभ्या राहिल्या. त्यांनी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर आग्र्याला जाणारा रस्ता उखडला.

तो डाव मी आणखी काही टर्न ओढला. विजयनगरात झू लावला, नगरराज्याला सोनं देऊन एक चैनीची वस्तू मिळवली. आकडा उणे 7 पर्यंत आला. डाव सुटण्यासारखा होता, पण मला तो सोडवण्यापेक्षा समजून घ्यायचा होता. म्हणून 198 ची सेव्ह उघडली.

यावेळी सेटलर लावण्याआधी वही काढली. प्रश्न एकच होता: हा कोळसा मला आनंदात किती अंकांना पडणार आहे? आग्र्याचे साडेसहा. वाइनचा करार बारा टर्नांत संपणार, त्याचे 4. तोवर शहरं वाढतील, त्याचे दीड-दोन. एकूण बारा आणि वर थोडे. हातात 4. म्हणजे आठेक अंक कुठून तरी आणल्याशिवाय त्या टेकडीकडे पाऊल टाकायचं नाही. पहिल्या खेपेला कारखान्याची किंमत म्हणून मी 360 हाच आकडा पाहिला होता. तो फक्त बांधकामाचा खर्च होता. जागा, कोळसा आणि माणसं यांचं बिल या दुसऱ्या खात्यावर येतं आणि खेळ ते आधी दाखवत नाही. बिल आल्यावरच दाखवतो.

विजयनगर, पाटलीपुत्र आणि वाराणसीत झू नव्हते. एका झूला 200 उत्पादन, दर टर्नला 2 सोनं, आणि बदल्यात 2 आनंद. तिन्ही शहरांत एकदमच लावले. विजयनगरने तो नऊ टर्नांत बांधला, पाटलीपुत्रने बारा, वाराणसीने चौदा. सेटलर यावेळी मुंबईकडून काढला, आणि त्यालाही कारण होतं. सेटलर बांधताना शहराची वाढ थांबते. पाटलीपुत्रासारख्या छोट्या शहराला तो तोटा जाणवतो, मुंबईसारख्या भरल्या शहराची वाढ चार-पाच टर्न थांबणं मात्र या घडीला मला हवंच होतं.

वाइनवाल्याची वाट पाहिली नाही. माझ्याकडे मसाल्यांचा दुसरा साठा पडून होता. चैनीच्या वस्तूचा दुसरा नग आनंदात काहीच भर घालत नाही, त्याची किंमत फक्त देवाणघेवाणीत. दुसऱ्या एका शेजाऱ्याला मसाले देऊन चांदी घेतली, तीही वाइनचा करार संपण्याच्या दोन टर्न आधी. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि त्याने वाचलेले 4 अंक म्हणजे दोन झू, म्हणजे 400 उत्पादन. करार कधी संपतात याची नोंद ठेवणं कंटाळवाणं वाटतं खरं, पण उद्योगाच्या काळात मला याहून स्वस्त आनंद कुठेही मिळालेला नाही.

टर्न 212 ला, तिसरा झू पूर्ण झाल्यावर, आग्रा वसलं. पहिल्या खेपेपेक्षा पाच टर्न उशिरा. शिल्लक पावणेदोन. चेहरा हसराच राहिला.

मग कारखाने. दिल्लीचा आठ टर्नांत झाला, 220 ला, आणि यावेळी साडेत्रेपन्न पूर्ण हातात आले. मुंबईचा 224 ला. विजयनगरात मी शहराचा पडदा उघडून नदीकाठच्या एका शेतावरचा माणूस उचलला आणि टेकडीवरच्या खाणीत ठेवला. केमिस्ट्रीचा शोध लागल्यानंतर अशी खाण 4 उत्पादन देते. 24 चे 28 झाले आणि कारखाना पंधराऐवजी तेरा टर्नांत, 225 ला, पूर्ण झाला. पाच टर्न उशिरा सुरू करूनही तीच तारीख गाठली.

या एका माणसाच्या हलवाहलवीवर मला जरा थांबायचंय, कारण उत्पादन आणि आनंद यांच्यात भांडण आहे असं जे म्हटलं जातं ते इथे तपासता येतं. या खेळात कारखाना, खाण, कार्यशाळा यांतलं काहीच स्वतःहून नाराजी आणत नाही. नाराजी आणतात ती माणसं आणि शहरं. आनंद भरपूर असेल तेव्हा माणसं शेतावर ठेवा, कारण वाढलेलं प्रत्येक तोंड पुढे दोन हात घेऊन येतं. आनंद शून्याशी टेकला की पिकवलेलं जादा अन्न तुमच्याच गळ्याशी येतं. तेव्हा माणसं खाणीत न्या. म्हणजे आनंदाचा आकडाच तुम्हाला सांगत असतो की आत्ता नांगर धरायचा की कुदळ. मी तो आकडा इतके दिवस फक्त धोक्याचा दिवा म्हणून वाचत होते.

225 ला पुन्हा विचारसरणीचा पडदा आला. या खेपेला मी फ्रान्सकडे आणि स्वतःच्या इमारतींकडे पाहून निवड केली. फ्रान्स ऑर्डरकडे जाईल हे पहिल्या खेपेमुळे माहीत होतं, आणि तेवढा आगाऊ फायदा मला मिळाला हे मान्य करायला हवं. पण इमारतींचा हिशेब कुणीही, पहिल्याच खेपेला करू शकतो. ऑर्डरमधलं यंग पायोनियर्स हे तत्त्व प्रत्येक कार्यशाळेमागे एक आणि प्रत्येक कारखान्यामागे एक आनंद देतं. माझ्याकडे पाच कार्यशाळा आणि तीन कारखाने: 8. सोशलिस्ट रिअलिझम प्रत्येक स्मारकामागे 2 देतं. परंपरा शाखेतल्या लीगॅलिझममुळे पहिल्या चार शहरांत स्मारकं फुकट मिळाली होती, पाचवं वाराणसीत बांधलेलं होतं: 10. दोन फुकट तत्त्वं, आणि एका टर्नमध्ये 18 अंक. ज्या कारखान्यांपायी पहिल्या खेपेला राज्य ढासळलं, तेच आता आनंदाच्या खात्यावर जमा होत होते.

फ्रीडममध्येही आनंद देणारी तत्त्वं आहेत, ऑटोक्रसीतही आहेत. मिंट, बँका आणि स्टॉक एक्स्चेंज उभे असतील तर फ्रीडममधलं कॅपिटलिझम काम करतं. बराकी आणि शस्त्रशाळा असतील तर ऑटोक्रसीतलं मिलिटरिझम. कुठली विचारसरणी चांगली, हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. तुम्ही गेल्या शंभर टर्नांत कुठल्या विटा रचल्यात ते बघा, आणि शेजारचा वजनदार देश कुणीकडे झुकतोय ते बघा. पहिल्या खेपेला मी या दोन्हींकडे पाठ फिरवून निवड केली होती.

एक बारकावा आग्र्याचा. इमारतींमधून मिळणारा आनंद त्या शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त मोजला जात नाही. आग्र्यात 3 माणसं होती. तिथे स्मारकाचे 2 आणि कार्यशाळेचा 1 असे 3 झाले की ताट भरलं. त्यावर कलोसियम बांधला, कारखाना लावला, तरी आनंदात भर शून्य, चौथा माणूस जन्मेपर्यंत. नव्या शहराने आपल्या वाट्याचा आनंद लगेच स्वतः कमवावा अशी अपेक्षा ठेवून मी पूर्वी अनेकदा तिथे कलोसियम आधी लावला आहे. भारताला तर हा नियम दुप्पट बोचतो, कारण सहाचा भार पहिल्या दिवशी पडतो आणि कमाईला माणसं लागतात. नव्या गावाला निदान सुरुवातीची वीस-तीस टर्नं जुन्या शहरांनीच पोसायचं असतं. दिल्लीत अशी अडचण नाही. कलोसियम, झू, कार्यशाळा, कारखाना, स्मारक मिळून 8, आणि लोक 25.

फ्रान्सने 230 च्या आसपास ऑर्डरच स्वीकारली. जनमताचं खातं कोरं राहिलं. वर उरलेला आनंद दर टर्नला सुवर्णकाळाच्या साठ्यात जमा होत गेला, पहिल्या खेपेला याच काळात तो साठा आटत होता. टर्न 241 ला सुवर्णकाळ सुरू झाला: उत्पादन आणि संस्कृती दोन्ही वीस टक्क्यांनी वर. दिल्लीचा आकडा साठीपार गेला. त्याच दिल्लीचा, तोच कारखाना असलेल्या, पहिल्या खेपेतला आकडा 45 होता.

या खेपेला काही गमावलंही. विजयनगरने पहिल्या खेपेला झूच्या जागी संग्रहालयाचं काम निम्म्याहून पुढे नेलं होतं, ते इथे मागे पडलं. तीन झूंची देखभाल म्हणून दर टर्नला 6 सोनं जास्त गेलं. आणि आग्रा पाच टर्न उशिरा वसवताना तो साठा दुसऱ्या कुणी पटकावला असता, तर हा सगळा हिशेब कोलमडला असता. ती जोखीम खरी होती. त्यावर उपाय म्हणून मी सेटलर चार टर्न आधीच टेकडीवर नेऊन उभा केला होता, सोबत एक तुकडी पहाऱ्याला. वसवायचा हुकूम तेवढा राखून ठेवला.

खेळाच्या या नमुन्यावर माझी एक तक्रार मात्र आहे आणि ती मुंबईच्या नावामुळे जास्त जाणवते. खऱ्या मुंबईत 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि वर्षानुवर्षं मागणी लावून धरल्यावर 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी मिळवली. तिथे नाराजी माणसांच्या संख्येतून आली नव्हती. ती आली होती कामाच्या तासांतून, गिरणीच्या आतल्या हवेतून, विश्रांतीच्या अभावातून. खेळातल्या मुंबईत शेतावरचा माणूस आणि कारखान्यातला माणूस सारखाच अर्धा अंक नाराज असतो. खाणीत दोनशे टर्न राबणाऱ्यालाही सुट्टी मागायची सोय नाही. मी विजयनगरचा माणूस शेतावरून उचलून खाणीत ठेवला आणि आनंदाचा आकडा हललाही नाही. खेळाडू म्हणून ती मला सोय झाली, पण त्या माणसाला काय वाटलं हे विचारणारं खातं या खेळात असायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. कारखान्याच्या इमारतीला तास वाढवण्याचा आणि कमी करण्याचा एक साधा पर्याय असता, वाढवले तर उत्पादन आणि नाराजी दोन्ही जास्त, कमी केले तर दोन्ही कमी, तर उद्योगयुगातला खरा ताण पडद्यावर आला असता. सध्या तो ताण कोळशाच्या जागेतून आणि शेजाऱ्याच्या प्रभावातून, आडवाटेने येतो.

टर्न 245 ला शिल्लक 15 होती. भाऊ म्हणाला, “आता आणखी एक शहर टाक ना, ताई.” भारताच्या शहरांच्या यादीत पुढे कोल्हापूर आहे, ते नकाशावर बघायची त्याची जुनी इच्छा. पण कोल्हापूर यादीत बरंच खाली आहे आणि प्रत्येक नवं नाव साडेसहाला पडतं. 15 मध्ये दोन बसतात, हातात 2 उरतात, आणि चांदीचा करार 238 ला संपल्यावर मी तो जेमतेम पुन्हा जुळवला होता. मी वही पुढे केली. त्याने स्वतः बेरीज केली, पेन्सिल ठेवली, आणि पाटलीपुत्रात स्टेडियम लावायला सांगितलं.